राजीखुशीनं

कॅप्सूल पाण्यात बुडत नाही, ही गोष्ट सतरा वर्षं याच कामात घालवूनही तिला ठाऊक नव्हती. सफाईकाम करणाऱ्या मावशींनी तिला जवळजवळ हाताला धरूनच बायकांच्या संडासात नेलं आणि भांड्याकडे बोट दाखवलं. अर्ध्या राखाडी, अर्ध्या पांढऱ्या कॅप्सूल, चांगल्या दोन ओंजळी भरतील एवढ्या, पाण्यावर तरंगत होत्या. मावशींनी साखळी ओढली. पाणी गरगरलं, सगळ्या एकदम खाली गेल्या आणि पाणी निवल्यावर एकेक करत परत वर आल्या. तीनदा ओढून झालं, मावशी म्हणाल्या, माल तुमच्याच खात्यातला दिसतोय, म्हणून म्हटलं वर बोंब जायच्या आधी तुमच्या कानावर घालावं. तिनं त्यांचा रबरी हातमोजा मागून घेतला, वाकली आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत त्या सगळ्या वेचून काढल्या. मावशींनी नाकाला पदर लावला. तिला घाण वाटली नाही. वेचता वेचता ती मोजत होती, कारण हातात गोळ्या आल्या की मोजायच्या हा तिचा धर्मच झाला होता. चौऱ्याऐंशी भरल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

चौऱ्याऐंशी म्हणजे दिवसाला तीन या हिशेबानं चार आठवडे. म्हणजे कुणीतरी महिनाभर एकही कॅप्सूल घशाखाली जाऊ दिली नव्हती. रुग्णालयाच्या या तिसऱ्या मजल्यावर औषध-चाचण्यांचं खातं होतं. जी औषधं अजून बाजारात यायची आहेत ती इथे आधी माणसांना देऊन बघत, निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची कॅप्सूल, आणि कुणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. या चाचण्यांसाठी माणसं मिळवायची, त्यांना सगळं समजावून सांगायचं, त्यांची सही घ्यायची, पुढे महिन्याच्या महिन्याला त्यांना बोलावून उरलेल्या गोळ्या मोजून घ्यायच्या, हे तिचं काम. रुग्ण तिला बाई म्हणत. तिच्या टेबलामागच्या कपाटात रोगवार फायली लावलेल्या होत्या: सांधे हिरव्या, साखर पिवळ्या, निद्रानाश निळ्या, त्वचेचे विकार गुलाबी, फुफ्फुसं राखाडी. इतक्या वर्षांत तिची नजरच तशी झाली होती. रस्त्यानं जाताना माणूस दिसायच्या आधी तिला त्याचा आजार दिसे. जिना उतरताना कठडा धरणारा दिसला की हा सांध्यांत बसेल, पण वय जरा जास्त वाटतंय. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या कोपरावर खवले दिसले की ही गुलाबी. एकदा एका ओळखीच्या लग्नात नवऱ्यामुलाचा काका घोट घोट पाणी पीत सारखा बाहेर जाताना बघून तिनं मनात त्याला पिवळ्या फायलीत घालून टाकलं होतं आणि जेवणं झाल्यावर त्याला आपला फोन नंबरही दिला होता. काका पुढे खरंच आला. लोक आलेच तिच्याकडे. हा तिचा हातगुणच म्हणायचा. इतर शहरांतल्या केंद्रांना वर्षात पाच माणसं मिळायची मारामार, आणि इथे यादी लावावी लागे. मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत, आमच्या बाईंनी विचारलं की दगडसुद्धा सही करेल. ती कधी आग्रह करत नसे, हीच त्यातली मेख होती. एकोणीस पानी संमतिपत्र ती शांतपणे वाचून दाखवी. कुठलंही कारण न देता कधीही बाहेर पडता येईल, हे वाक्य तर ती दोनदा वाचे. घाई नाही, घरी न्या, घरच्यांशी बोला, म्हणे. आणि माणसं घरी न नेता तिथल्या तिथे सही करत, राजीखुशीनं. असं का होतं याचा तिनं कधी खोलात जाऊन विचार केला नव्हता. आपला आवाज चांगला आहे, एवढं तिला माहीत होतं.

कॅप्सूल फुफ्फुसांच्या चाचणीतल्या होत्या, आणि आज राखाडी फायलीतली तीनच माणसं येऊन गेली होती. त्यातला एक निवृत्त बसचालक. तो काही बायकांच्या संडासात जाणार नाही. दुसरी एका शाळेतली ग्रंथपाल. तिच्या बाटलीत सहाऐवजी सतरा कॅप्सूल उरल्या होत्या आणि त्याबद्दल तिनं एवढी माफी मागितली होती की शेवटी तिलाच पाणी द्यावं लागलं. तिसरी आक्का. तिची स्वतःची सख्खी मोठी बहीण. बाटलीत नव्वद देतात, चौऱ्याऐंशी घ्यायच्या, सहा उरायला हव्यात. आक्काच्या बाटलीत सहा होत्या. गेल्या खेपेलाही सहाच होत्या. खरा माणूस महिन्यात दोन-चार तरी विसरतो. पाहुणे येतात, डोळा लागतो, बाटली दुसऱ्या पिशवीत राहते. बरोबर उत्तर फक्त उत्तर आधी पाहिलेल्याचंच येतं, हे कुणालाही सांगता येईल. मग सकाळी ते सहा बघून आपण वहीत बिनदिक्कत बरोबरची खूण का केली, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि त्याचं उत्तर आलं तेव्हा तिला मुळीच नवल वाटलं नाही. ती खूण करताना तिला बरं वाटलं होतं, म्हणून.

पिशवीला गाठ मारून तिनं ती टेबलाच्या खणात ठेवली आणि खुर्चीत बसून राहिली. समोरच्या लांबलचक गल्लीत जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या होत्या. त्या दोन पट्ट्यांमध्ये रुग्णांना सहा मिनिटं चालवायचं आणि किती मीटर झाले ते लिहायचं, ही फुफ्फुसांच्या चाचणीतली रीत. आक्काची फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती. या रोगाला मागे फिरणं माहीत नाही. फार तर त्याची चाल मंद करता येते, आणि तेवढ्यासाठीच हे नवं औषध होतं. पहिल्या दिवशी आक्का तीनशे दहा मीटर चालली. तिसऱ्या महिन्यात तीनशे बेचाळीस. त्या दिवशी हिनं ते अंतर दोनदा मोजून पाहिलं होतं. आज दोनशे एक्क्याऐंशी. आक्का शेवटच्या मिनिटाला भिंतीला हात लावून उभी राहिली आणि हिच्याकडे बघून हसली, लहानपणी दूध उतू गेलं की आई यायच्या आत हसायची तशी. हिला तेव्हा वाटलं की दमल्यामुळे हसतेय.

आक्का तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. हिला आठव्या वर्षी मोठा ताप येऊन गेला, नंतर दोन महिने कसल्याशा काळपट गोळ्या घ्यायच्या होत्या. वडील समोर उभे राहून गोळी तळहातावर ठेवत. गोळीचा वास गंजलेल्या खिळ्यासारखा होता आणि हिला नुसत्या वासानं उमळायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आक्कानं तिला मोरीत नेऊन कला शिकवली. गोळी दोन बोटांच्या बेचक्यात धरायची, रिकामा तळवा तोंडावर मारायचा, वर पाणी प्यायचं आणि मान चांगली मागे टाकायची. मान मागे टाकली की मोठ्या माणसांना पटतं, आक्का म्हणाली होती. पुढचे सगळे दिवस त्या गोळ्या आक्काच्या मुठीत जात आणि तिथून कुठे जात ते हिनं कधी विचारलं नाही. आई वारल्यावर आक्कानं शाळा सोडली आणि परिचारिकांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. पुढे तिथलीच मुख्य झाली. दोनशे माणसांचं रांधायची, आणि भांड्यावरचं झाकण उचलून नुसत्या वाफेवरून सांगायची की मीठ पडलंय की राहिलंय. चव घेऊन बघणाऱ्या पोरींना ती हसायची. हिचं सगळं शिक्षण त्या वाफेवर झालं. याबद्दल दोघींत कधी एक शब्द झाला नाही. असल्या गोष्टी बोलायच्या म्हटल्या तर कुठून सुरुवात करणार? मात्र गेल्या वर्षी आक्काचा अहवाल हातात आला तेव्हा, आता आपली पाळी, हे वाक्य तिच्या मनात अगदी स्पष्ट उमटलं होतं. चाचणीच्या नियमांत लिहिलेलं होतं की केंद्रात काम करणाऱ्यांच्या नात्यातलं माणूस घेऊ नये. आक्काचं आडनाव लग्नानंतरचं, वेगळं. तसा काही संबंध आहे का, या रकान्यात तिनं 'नाही' लिहिलं. सतरा वर्षांत कागदावर लिहिलेलं हे तिचं पहिलं खोटं, आणि ते लिहिताना पेन कुठे अडलंही नाही. संमतिपत्र तिनं आक्काला तिच्या घरी जाऊन वाचून दाखवलं, एकोणीसच्या एकोणीस पानं, त्याच आवाजात. कधीही बाहेर पडता येईल, दोनदा. आक्का कणीक मळत ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं हात धुतले आणि सही कुठे करू, एवढंच विचारलं.

मग दोन महिन्यांनी आक्का म्हणाली की हल्ली चहा नाणं चोखल्यासारखा लागतो. ते वाक्य तिला आता खुर्चीत बसल्या बसल्या जसंच्या तसं ऐकू आलं. त्या वेळी ते ऐकून तिला आनंद झाला होता. राखाडी फायलीतल्या नऊजणांपैकी चारजणांच्या तोंडाची चव गेली होती, आणि त्या चौघांचेच मीटर वाढत होते. कुणाला खरं औषध मिळतंय हे तिला कळायचं नव्हतं, पण सतरा वर्षांत माणूस एवढं ओळखायला शिकतोच. पिठानं चव जात नाही. म्हणजे आक्काला खरं औषध मिळत होतं. त्या दिवशी ती आक्काच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठमोठ्यानं बोलली होती, कधी नव्हे ते भावोजींची थट्टा केली होती, आणि आक्का ओट्याशी उभी राहून, हातातल्या कपाकडे बघत, हिचा आनंद कशाचा ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. पुढच्या महिन्यात आक्काला काहीच लागेना. तिखट नाही, आंबट नाही, गोड तर नाहीच. भावोजी जेवताना पानावरून मान वर न करता मीठ मागून घेऊ लागले. एकदा त्यांनी फोनवर तिला सांगितलं की तुझी बहीण हल्ली झाकण उचलते आणि तशीच उभी राहते. तिनं त्यांना समजावलं की हा औषधाचा ज्ञात परिणाम आहे, घाबरण्यासारखं नाही, वहीत नोंद केलेली आहे. नोंद खरंच केली होती. तीव्रता: सौम्य. तो शब्द तिनेच लिहिला होता.

तीन वाजता तिनं मोठ्या डॉक्टरांना डोकं दुखतंय असं सांगितलं आणि निघाली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाकावरचा माणूस बोटांची पेरं दाबत होता, हिरवी फाईल, आणि तिनं मुद्दाम मान फिरवून बाहेर पाहिलं. आक्काला काय सांगायचं ते तयार होतं. त्यासाठी तिला काही जुळवाजुळव करावी लागली नाही. ती आधी रागावणार नव्हती. घेतलं नाहीस ते मला कळलं, म्हणणार होती. मग आकडे सांगणार होती, तीनशे दहा, तीनशे बेचाळीस, दोनशे एक्क्याऐंशी. औषध घेतलं तर कदाचित दोन वर्षं, कदाचित तीन, नाही घेतलं तर हे वर्ष. मग थोडं थांबून, त्या आवाजात, पुन्हा सुरू करशील का, एवढंच. आक्का हो म्हणणार होती. याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. आजवर तिनं विचारलेल्या किती जणांना नाही म्हणायचं होतं? त्या सगळ्या सह्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या, थरथरत्या, ठसठशीत, अंगठे. खोट्या रकान्याचं काय करायचं हेही तिनं मध्येच ठरवून टाकलं. उद्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं. नोकरी जाईल. जाऊ दे. या विचारानं तिला जेवढं भ्यायला हवं होतं तेवढं भय वाटलं नाही, कारण दुसरीकडचं पारडं फार जड होतं. आक्का नसलेलं जग कसं असेल ते तिनं कधी मनात आणून बघितलं नव्हतं, आणि आताही तिला ते आणता येईना.

दार आक्कानंच उघडलं. दारापासून खुर्चीपर्यंत यायला तिला मध्ये एकदा थांबावं लागलं. भावोजी बाहेर गेले होते. ओट्यावर ताटलीत दोन मासे साफ करून ठेवले होते, कढई शेगडीवर होती, पण खाली जाळ नव्हता. उभं राहून तळण्याएवढा दम उरला नाही, हे परत आले की तळतील म्हणून थांबलीये, असं काहीसं आक्का बोलली, आणि हिच्या तोंडाकडे बघून बोलायची थांबली.

"तरंगल्या का गं त्या?"

तिनं मान हलवली. आक्का हसली, हसता हसता तिला खोकला आला, आणि खोकला संपेपर्यंत हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीची हाताला पोलक्याखालून नुसती हाडं लागत होती. मग आक्कानं थांबत थांबत सगळं सांगितलं. भावोजी रोज तीन वेळा घड्याळ बघून कॅप्सूल तिच्या हातावर ठेवत, त्यामुळे घेतली नाही म्हणायची सोय नव्हती. घरातला कचरा तेच खाली नेत, म्हणून टाकायचीही सोय नव्हती. बोटांच्या बेचक्यात राहिलेल्या त्या ती एका मोज्यात साठवी. शेवटी मनात आलं, दवाखान्याचा माल दवाखान्यात गेलेला बरा, तिथे त्यांना ठाऊक असेल त्याचं काय करायचं. दोन महिने झाले. आधीच्या खेपेच्या बऱ्या वाहून गेल्या. पहिले पंधरा दिवस काही फरक पडला नाही, मग एका सकाळी भात उतरवताना वाफ नाकात गेली आणि तिला कळलं की मीठ राहिलंय. तिथेच ओट्याला धरून ती रडली होती. भावोजींना वाटलं, धाप लागली.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "नको आहे, एवढंच म्हणायचं. त्यात लिहिलेलंच होतं. दोनदा वाचलं होतं मी."

"ते तू बाहेरच्यांना वाचून दाखवतेस," आक्का म्हणाली. "तुला मी कधी कशाला नाही म्हटलंय का?"

हिनं उठून शेगडी पेटवली, कढईत तेल सोडलं. तिला स्वयंपाक यायचा नाही, घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. आक्का खुर्चीतून सांगत गेली, अजून तापू दे, आता सोड, हलवू नकोस, कडा बघ. ती करत गेली. तळणीच्या आवाजात काही बोलावं लागत नव्हतं ते बरं होतं. मासे उलटताना ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, पूर्ण, गुळगुळीत, थांबण्याच्या जागांसकट. दोन वर्षं. कदाचित तीन. तेवढ्यासाठी तिनं आयुष्यात काहीही दिलं असतं, आणि इथे काहीच द्यायचं नव्हतं, फक्त विचारायचं होतं. तिनं ताटली आक्कासमोर ठेवली आणि समोर बसली. आक्का तिच्याकडे बघत होती. तिला सगळं दिसत होतं. वाफेवरून कळावं तसं.

"विचारू नकोस," आक्का हळूच म्हणाली. "तू विचारलंस की मी हो म्हणेन. आणि मग घेईनसुद्धा, खोटं नाही. म्हणून म्हणते, विचारू नकोस."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी वर गेलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हिनं ते पुसलं नाही. आक्कानं माशाचा एक तुकडा मोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. घास गिळल्यावर तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. मग तिनं दुसरा तुकडा घेतला.

"मीठ बरोबर आहे?" हिनं विचारलं.

आक्का बराच वेळ चघळत राहिली.

"कमी आहे," ती म्हणाली.

ही उठली आणि मीठ घेऊन आली.